शॉकअप रडतंय, लक्ष आहे का?

सोमवार ते शुक्रवार क्युबिकल आणि शनिवार उजाडला की चिखल! २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २०० एक्स-शोरूम लाखाच्या आत आली आणि पुण्या-मुंबईतल्या ऑफिसवाल्यांना कच्चे रस्ते खुले झाले. राइडवरून परतलं की चेन धुतली जाते, टाकी चमकवली जाते, फोटो तर लगेच अपलोड होतात. पण दिवसभर सगळा मार खाल्लेले पुढचे शॉकअप, म्हणजे फोर्क, कुणाला आठवतच नाहीत.

आत आहे तरी काय?

एका नळीत सरकणारी दुसरी नळी, स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग धक्का झेलते. तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि स्प्रिंगची उसळी आवरतं. एक्सपल्सचा फोर्क असा १९० मिलिमीटर खालीवर होतो. तेल आत आणि चिखल बाहेर ठेवायची जबाबदारी एका रबरी ऑइल सीलवर. तिथे वाळूचा एक कण अडकला तरी गळती सुरू. हेच तेल ओघळत ब्रेकच्या डिस्कपर्यंत पोचलं, तर ऐन घाटात पुढचा ब्रेक धरणारच नाही. म्हणून नळीवर तेलाची रिंग दिसली, तर ‘चालतंय रे’ म्हणू नका.

घरगुती उपाय

जुन्या एक्स-रे फिल्मची पातळ पट्टी कापा. वरचं डस्ट सील अलगद सरकवा, पट्टी सील आणि नळीच्या मधे घालून गोल फिरवा. अडकलेली घाण बाहेर येते आणि बऱ्याचदा गळती थांबते. नाही थांबली, तर दोन्ही बाजूंची सील बदला. ब्रेक पॅडने तेल प्यायलं असेल, तर पॅडही नवे टाका. इथे कंजुषी नको!

दुखणं ओळखा

* ब्रेक मारला की बाइक नाक खुपसते : तेल कमी किंवा जुनं झालंय, नाहीतर तुमच्या वजनाला स्प्रिंग मऊ पडतेय.
* छोट्या दगडांवरही हात झिणझिणतात : तेल जास्त किंवा जाड आहे. वर हवेचा स्क्रू असेल, तर पुढचं चाक अधांतरी ठेवून तो सैल करा. फुस्स झालं की काम फत्ते.
* पडल्यावर हँडल वाकडं दिसतं : फोर्क क्लॅम्पमध्ये फिरला असेल. बोल्ट सैल करून सरळ होतो का, ते आधी बघा.
* ब्रेक दाबल्यावर ‘टक’ आवाज येतो : शॉकअपला दोष देण्याआधी कोनसेट तपासा.

आणि हो, वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचं पाणी थेट सीलवर मारू देऊ नका. राइडनंतर ओल्या फडक्याने नळ्या पुसायला फार तर पाच मिनिटं लागतात. चहा उकळेपर्यंत होतं ते!