केळीचे रोप येते कुठून?

आपल्या बुऱ्हाणपूरच्या केळीत उगवणारे बी नसते. म्हणून पूर्वी शेतकरी जुन्या झाडाचे मुनवे काढून लावत. मुनव्याच्या कंदाबरोबर जुन्या बागेतले रोगही नव्या शेतात जात. आता बहुतेक जण टिश्यू कल्चरची रोपे लावतात. कोंबाचा बारीक तुकडा प्रयोगशाळेत, काचेच्या बरणीत वाढवून त्यापासून हजारो रोपे करतात. शेजारच्या जळगावात १९९० च्या दशकात ग्रँड नैन जातीची अशी रोपे आली. बाग एकसारखी वाढते आणि घडही साधारण एकाच वेळी कापणीला येतात.

पण ही सारी झाडे जणू जुळी भावंडे! एकाला जो रोग मारतो, तो सगळ्यांना मारू शकतो. मध्य अमेरिकेतील ग्रो मिशेल जातीच्या बागा पनामा मर रोगाने अशाच गेल्या, म्हणून १९५० नंतर तिथे कॅव्हेंडिश गटाची केळी आली. आपली ग्रँड नैन त्याच गटातली. त्या बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही सोडत नाही, आणि तो बिहारमध्ये कटिहारकडे आढळला आहे. ती मातीत वर्षानुवर्षे टिकते. फवारणीने जात नाही. तिला तोंड देणारी जात मिळावी म्हणून तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात देशी व रानटी केळी जपून तपासली जातात. बी नसल्याने संकराचे काम फार हळू चालते.

शेतकरी पालकांना आमची विनंती: रोप टिश्यू कल्चरचे म्हणजे निरोगीच, असे समजू नये. मातृझाडात विषाणू असेल तर तो रोपातही उतरतो. रोपे घेताना विषाणू तपासणीचे प्रमाणपत्र मागावे, आणि परक्या बागेतून आल्यावर फावडी व बूट धुऊन मगच आपल्या शेतात शिरावे.