विश्लेषण : ऐंशी वर्षांपूर्वीचा ‘टायगर’ रणगाडा आजही कसा धावतो? आणि तो धावावा का?

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात बोव्हिंग्टन येथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथे वर्षातून एखाद-दोन दिवस हजारो माणसे मैदानाच्या कडेला उभी राहतात ती एका यंत्राचा आवाज ऐकण्यासाठी. ते यंत्र म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ‘टायगर १’ रणगाडा, क्रमांक १३१. सुमारे साडेतेराशे टायगर बांधले गेले, त्यातले आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शिल्लक आहेत. त्यातही मूळ इतिहासासह स्वतःच्या ताकदीवर चालणारा म्हणून १३१ जगभर ओळखला जातो. मात्र ५७ टन वजनाचे हे धूड चालते ठेवणे जितके अवघड, तितकाच त्याला चालवावे की नाही हा प्रश्नही अवघड आहे.

हा रणगाडा ब्रिटिशांच्या हाती कसा लागला?

कॅसल शहरातील हेन्शेल कारखान्यात १९४३च्या फेब्रुवारीत तयार झालेला हा रणगाडा ट्युनिशियाच्या आघाडीवर ५०४व्या जड रणगाडा बटालियनला मिळाला. पहिली कंपनी, तिसरी तुकडी, पहिला रणगाडा, म्हणून १३१. तो २१ एप्रिलला पकडला गेला, असे अनेक वर्षे मानले जात होते. नंतरच्या संशोधनातून जागा आणि तारीख दोन्ही बदलल्या. आता २४ एप्रिल १९४३ ही तारीख आणि ‘पॉइंट १७४’ ही टेकडी संग्रहालयाने मान्य केली आहे.

त्या दिवशी ब्रिटिश चर्चिल रणगाड्याच्या सहा पौंडी तोफेचा गोळा टायगरच्या तोफेच्या नळीला खालून लागला, तिथून उसळला आणि टरेट जिथे सांगाड्यावर फिरतो त्या कड्यात रुतला. टरेट म्हणजे तोफ बसवलेला फिरता घुमट. तोच अडकल्यावर तोफ वळेना आणि आतले सैनिक रणगाडा सोडून गेले. जाताना तो उडवून देण्याचे राहून गेले, म्हणून आज तो आहे. जून १९४३ मध्ये ट्युनिसला राजे सहावे जॉर्ज आणि पंतप्रधान चर्चिल यांनी तो पाहिला. शरद ऋतूत तो जहाजाने इंग्लंडला आला आणि लंडनच्या हॉर्स गार्ड्स परेड मैदानावर लोकांना दाखवण्यात आला. १९५१ मध्ये तो बोव्हिंग्टनला पोहोचला. गोळ्यांच्या त्या खुणा आजही पोलादावर आहेत. पुढे एवढी दुरुस्ती झाली, पण त्यांना कोणी हात लावला नाही.

दुरुस्तीला तेरा वर्षे का लागली?

शत्रूचे नवे हत्यार हाती आल्यावर कोणतेही लष्कर जे करते तेच ब्रिटिशांनी केले. तज्ज्ञांनी रणगाडा खोलला, मोजला, चाचण्या घेतल्या. पुढे त्याचे मूळ मायबाख एचएल २१० इंजिन आतली रचना दिसावी म्हणून चक्क कापण्यात आले. युद्धकाळात त्यात गैर काहीच नव्हते. पन्नास वर्षांनी हे यंत्र पुन्हा सुरू करावेसे वाटेल, हे तेव्हा कोणाच्या मनात असणार?

जून १९९० मध्ये रणगाडा प्रदर्शनातून काढून लष्कराच्या दुरुस्ती विभागाकडे सोपवला गेला. कापलेले इंजिन निरुपयोगी होते. शेवटी संग्रहालयाकडच्याच दुसऱ्या एका रणगाड्याच्या, ‘टायगर २’च्या पोटातून एचएल २३० इंजिन काढून १३१ मध्ये बसवले गेले. हे २३ लिटरचे, बारा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. पुढच्या काळात टायगर १ मध्येही कारखान्यातूनच एचएल २३० बसू लागले होते, त्यामुळे ते जागेत चपखल बसले. तरी एका रणगाड्याला जिवंत करताना दुसऱ्याचे हृदय काढले गेले, हा व्यवहार विसरून चालणार नाही. डिसेंबर २००३ मध्ये चालू इंजिनासह टायगर परत आला. उरलेली कामे आणि त्या काळच्या रंगाप्रमाणे केलेली रंगरंगोटी २०१२ मध्ये संपली.

मध्ये इतकी वर्षे जाण्याचे मुख्य कारण रचनेत आहे. इंजिन मागे, गिअरबॉक्स पुढे चालकाच्या उजव्या हाताला आणि दोघांना जोडणारा दांडा टरेटच्या खालून जातो. गिअरबॉक्स बाहेर काढायचा तर आधी सुमारे अकरा टनांचा टरेट क्रेनने उचलून बाजूला ठेवावा लागतो. युद्धातही जर्मन मेकॅनिकांना हेच करावे लागे आणि त्यासाठी ते सोबत खास क्रेन बाळगत.

चाकांची कथा आणखी वेगळी. प्रत्येक बाजूला आठ आस, प्रत्येक आसावर तीन चाके, म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून ४८ चाके. ती एकमेकांच्या फटीत घुसवून, कौलांसारखी एकावर एक चढवून बसवलेली. वजन छान विभागले जाते, चाल मऊ होते. पण आतल्या बाजूचे एक चाक बदलायचे तर बाहेरची कितीतरी चाके उतरवावी लागतात. चाकांच्या कडेला रबर आहे आणि रबर वापरले तरी झिजते, नाही वापरले तरी कडक होऊन तडकते.

अशा जुन्या यंत्रात कामाला हात घालण्याआधी तपासण्याही बऱ्याच. त्या काळच्या डायलवर अंधारात दिसावे म्हणून रेडियमचा लेप असे, ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असे. दोन्ही आरोग्याला घातक. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन एकदम स्टार्टर मारून फिरवत नाहीत. सिलिंडरमध्ये तेल सोडून, मुरू देऊन, ते हाताने थोडे थोडे फिरवून बघतात. गंजलेली पिस्टन-रिंग सिलिंडरला घासली तर जे बिघडते त्याचा सुटा भाग आज कुठल्याच दुकानात मिळत नाही. तो आरेखनावरून नव्याने घडवावा लागतो.

चालवताना काय होते?

एवढ्या अवजड रणगाड्याला गाडीसारखे गोल स्टिअरिंग आहे, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटते. त्या काळच्या बहुतेक रणगाड्यांत दोन दांडे असत. डावा ओढला की डावा पट्टा थांबायचा आणि रणगाडा हिसका खात वळायचा. टायगरमध्ये द्रवदाबाच्या यंत्रणेमुळे स्टिअरिंग हलके आहे. गिअरही चालक आधी निवडून ठेवतो, बदलण्याचे काम यंत्रणा करते. पुढे जायला आठ गिअर, मागे यायला चार. ही सगळी सोय सुखाची, पण तितकीच नाजूक.

चालकाला दिसते मात्र फारच कमी. समोरच्या १०० मिलिमीटर जाडीच्या पोलादात एक आडवी फट आणि तिच्यामागे जाड काच, एवढीच त्याची खिडकी. म्हणून वर टरेटमधून डोके काढलेला कमांडर हेडफोनवरून सूचना देत राहतो. बाजूला काय चालले आहे हे चालकाला कळणे जवळपास अशक्य. म्हणूनच प्रात्यक्षिकात प्रेक्षकांना दूर ठेवतात.

आणि पेट्रोल? टाक्यांत सुमारे ५४० लिटर मावते आणि तेवढ्यात रस्त्यावर दोनशे किलोमीटरही धड होत नसत. खडबडीत जमिनीवर तर त्याहून बरेच कमी. आपल्याकडच्या दराने हिशेब करून पाहायचा मोह होतो, पण तो न केलेलाच बरा.

खरी काळजी असते ती पट्ट्यांची. प्रत्येक बाजूला ९६ पोलादी कड्या खिळ्यांनी जोडलेल्या. रणगाडा जितका चालतो तितके खिळे आणि त्यांची भोके झिजतात, आणि पट्टा हळूहळू लांबतो. सैल पट्टा वळणावर दातेरी चाकावरून उतरू शकतो. फार ताणला तर सगळ्या यंत्रणेवर भार येतो. मागचे चाक सरकवून ताण जुळवतात आणि तेही संपले की एक कडी काढून टाकतात. युद्धाच्या काळातच, नोव्हेंबर १९४३ पासून, जर्मनांनी या इंजिनाचे फेरे ३००० वरून २५०० प्रतिमिनिटावर आणले होते, कारण ते पूर्ण जोरावर टिकत नव्हते. आज तर रणगाडा त्याहूनही जपून, थोडाच वेळ फिरवला जातो.

हौशी लोकांसाठी हे शक्य आहे का?

टायगर कोणाच्या अंगणात येणार नाही. पण ब्रिटनमध्ये लष्कराने निवृत्त केलेली, पट्ट्यांवर चालणारी वाहने खासगी लोक विकत घेतात. त्यात सर्वाधिक दिसते ते १९६०च्या दशकात सेवेत आलेले ‘एफव्ही ४३२’ हे सैनिक वाहून नेणारे वाहन. वजन सुमारे १५ टन, रोल्स रॉइसचे अनेक प्रकारच्या इंधनांवर चालणारे इंजिन, वळायला दोन दांडे आणि पट्ट्यांना रबरी गाद्या. टायगरपेक्षा कितीतरी साधे आणि सुटे भाग मिळण्याजोगे. रस्त्यावर न्यायचे तर तिथल्या परवान्यात पट्ट्यांच्या वाहनांसाठी ‘एच’ हा स्वतंत्र वर्ग आहे. शिवाय रस्त्याचे डांबर उखडणार नाही असे पट्टे हवेत.

महाराष्ट्राशी संबंध काय?

टायगरचा टरेट ज्या जातीच्या रणगाड्याने जाम केला, तो चर्चिल पाहायचा असेल तर इंग्लंडला जायची गरज नाही. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, हे भारतीय चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र. तिथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘कॅव्हलरी टँक म्युझियम’मध्ये चर्चिल आहे. रोल्स रॉइसची चिलखती गाडी, मटिल्डा, सेंच्युरियन, आपला विजयंत आणि युद्धात पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटनही आहे. इथली वाहने पाहायची आहेत, पळवायची नाहीत, आणि त्यात कमीपणा काही नाही. उघड्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही रणगाड्याचा पहिला शत्रू पाऊस असतो. झाकणाच्या फटीतून पाणी आत शिरते, तळाशी साचते आणि पोलाद आतून खाते. बाहेरून दरवर्षी रंग दिला की रणगाडा नवाकोरा दिसतो, गंज मात्र दिसत नाही. तळाची छिद्रे मोकळी ठेवणे आणि झाकणे नीट बंद ठेवणे, हे काम इंजिन सुरू करण्याइतके दिमाखदार नाही, पण त्यानेच रणगाड्याचे आयुष्य वाढते.

मग टायगर चालवावा की नाही?

एका बाजूचे म्हणणे असे, की चालवला की मूळ धातू झिजतो आणि झिजलेला धातू परत येत नाही. बदललेला प्रत्येक भाग इतिहासाचा एक पुरावा कमी करतो. एखादी चूक, एखादी आग आणि सगळेच संपते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, यंत्र हे चालण्यासाठी असते. काचेआड उभ्या टायगरकडे पाहून त्याचे वजन समजत नाही. तो पन्नास मीटरवरून गेला की पायाखालची जमीन हलते आणि १९४३ मध्ये समोर खंदकात बसलेल्या माणसाला काय वाटले असेल, याची थोडीफार कल्पना येते.

१३१च्या बाबतीत दुसरी बाजू जड वाटते, पण त्याचे कारण भावनिक नाही. हा रणगाडा अस्पर्श नव्हताच. त्याचे इंजिन आधीच कापले गेले होते, भाग आधीच निघाले होते. ज्या यंत्रात सैनिकांनी सोडले तेव्हाचा धुरळा, तेल आणि रंग जसाच्या तसा आहे, त्याला हात लावण्यापूर्वी मात्र दहा वेळा विचार करायला हवा. तिथे ‘चालू करून दाखवले’ ही शाबासकी महागात पडते. बोव्हिंग्टनने टायगरसाठी मधला मार्ग धरला आहे. मोजके दिवस, मोजकी मिनिटे, कोरडी जमीन आणि बाकी वर्ष छताखाली.

‘फ्युरी’ या २०१४च्या हॉलिवूडपटासाठी याच टायगरला चित्रीकरणाला पाठवण्यात आले. त्याआधी तो पडद्यावर आला होता १९५०च्या ‘दे वेअर नॉट डिव्हायडेड’ या ब्रिटिश चित्रपटात. मधल्या काळातील बहुतेक युद्धपटांत दिसणारे ‘टायगर’ म्हणजे दुसऱ्याच रणगाड्यांवर पत्र्याचे कवच चढवून केलेली सोंगे होती.