स्टोअरच्या मागचा ढीग



पट्टा पडला की कारखान्यात दुरुस्तीचे दिवस सुरू होतात. मिल उघडते, झिजलेले रोलर बाहेर निघतात, फिटर मंडळींची धावपळ चालते. गेल्या उन्हाळ्यात शेअरच्या कामासाठी कारखान्यावर गेलो होतो. साहेब जेवायला गेलेले. बसून काय करायचं, म्हणून स्टोअरच्या मागे एक चक्कर मारली. वेड्या बाभळीत काय दिसावे? तीन पायांच्या खुर्च्या, गंजलेली कपाटे, व्हॉल्व्हचा ढीग, दोन-तीन इलेक्ट्रिक मोटारी आणि एक चांगले सागवानी टेबल. त्याला फक्त खण नव्हता. आणि त्याच वेळी गेटमधून नव्या टेबलांचा टेम्पो आत येत होता!

अहो, उसाच्या बाबतीत आपण किती काटेकोर! एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघते, ते बॉयलरला जाते. ३०-४० किलो प्रेसमड शेतात परत येतो. ४०-४५ किलो मोलॅसिस आसवनीला लागते. वाढं जनावरांच्या दावणीला, पाचट सरीत. फडातली काडी वाया जाऊ न देणारे आपण, मग कचेरीतल्या टेबलाने काय पाप केले?

एका जुन्या स्टोअरकीपरला हेच विचारले. तो म्हणाला, "दादा, हा आळस नाही. एकदा वस्तू स्टोअरला जमा केली की गरजेला परत मिळत नाही, असं प्रत्येक खात्याला वाटतं. म्हणून चालू मोटार कोपऱ्यात झाकून ठेवतात. पुढं तो फिटर रिटायर होतो, अन् मोटार कुठं हाय हे कुणालाच ठाऊक नसतं." मग दुसरे खाते त्याच हॉर्सपॉवरच्या नव्या मोटारीचा इंडेंट भरते. मोडकी खुर्ची तरी लगेच निघावी, तर तिची नोंद जडसंग्रह रजिस्टरात. निर्लेखनाचा ठराव होईपर्यंत हलवायची सोय नाही. तोवर पावसाळे जातात आणि मोटार म्हणून घेतलेली वस्तू लिलावात किलोवर जाते.

हा पैसा कुणाचा? २००९ पासून एफआरपी सरकार ठरवते. तीवर आपल्या पदरात जे पडायचे, ते कारखान्याचा खर्च भागून उरले तरच पडते. त्या खर्चात हा टेम्पोही आला.

अमेरिकेत मॅडिसन येथे विस्कॉन्सिन विद्यापीठ आहे. तिथे या कामासाठी 'स्वॅप' नावाचा स्वतंत्र विभागच आहे. एका खात्याला नकोसे झालेले टेबल, कपाट, प्रयोगशाळेचे सामान तिथे येते, दुसऱ्या खात्याला उपयोगी पडते, उरलेले सर्वसामान्य लोकांना विकतात. शिकल्या-सवरलेल्या प्राध्यापकांनाही जुने टेबल घ्या म्हणून सांगावे लागते, हे ऐकून मला जरा बरे वाटले.

आपल्याला एवढा मोठा विभाग नको. पडून असलेल्या वस्तूंची एक यादी स्टोअरच्या आणि गट कार्यालयांच्या फळ्यावर लागावी. नवा इंडेंट मंजूर करण्याआधी ती पाहावी. आणि ज्या खात्याने वस्तू जमा केली, त्याला पुढचा एक हंगाम तिच्यावर पहिला हक्क द्यावा. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्याशिवाय कुणी काही बाहेर काढणार नाही. कामगार आपलीच पोरं आहेत. त्यांना दम देऊन नव्हे, भरवसा देऊन हे होईल. वार्षिक सभेत मी हे मांडणार आहे.

एक मात्र सांगून ठेवतो. बॉयलरची नळी, क्रेनचा वायररोप यांत काटकसर नको. तिथे माणसाचा जीव असतो. आणि जुने कॉम्प्युटर, बॅटऱ्या दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नयेत. त्यांना वेगळे नियम आहेत.

त्या सागवानी टेबलासाठी मी गट कार्यालयातर्फे अर्ज करायला लावला. सह्या व्हायला दीड महिना गेला. सध्या ते आमच्या गट कार्यालयात आहे. खण अजून नाहीच. त्या जागी चिटबॉयने फळी ठोकून जेवणाचा डबा ठेवायची सोय केली आहे.