बेने इस्राएलांच्या मुलामुलींचे मेळे आणि त्यांची आमंत्रणे

यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी टोकास, पैनगंगेपलीकडे तेलंगण सुरू होते त्या बाजूस, झरी जामणी तालुका आहे. कोलामांचे पोड तेथे अंतराअंतरावर वसलेले. एखादी वार्ता सर्वांस कळवावयाची तर भिंतीवर लावलेल्या कागदापेक्षा आठवडी बाजारात तोंडोतोंडी दिलेला निरोपच अधिक दूर जातो. विखुरलेल्या वस्तीची ही अडचण मनात घोळत असता आम्हांस याच महाराष्ट्रातील पश्चिम टोकाच्या एका समाजाची आठवण झाली. तो समाज बेने इस्राएलांचा.

रायगड जिल्ह्यातील गावांत हे मराठी बोलणारे यहुदी कित्येक शतके नांदले. घाण्यावर तेल गाळावे आणि शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद ठेवावा, यावरून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. केहिमचे ते केहिमकर, दिव्याचे ते दिवेकर, अशी आडनावे आपल्यासारखीच. १९४८ नंतर मात्र घरेच्या घरे इस्राएलास निघून गेली. १९५१ च्या सुमारास भारतात सर्व शाखांचे मिळून पंचवीस हजारांवर यहुदी होते; २०११ च्या गणतीत ते सुमारे साडेचार हजार भरले. जे उरले त्यांतील बरेच मुंबई व ठाणे येथे आहेत, आणि काही थोडी घरे अलिबागेकडे.

आता यांतील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा विचार करावा. तेराव्या वर्षी त्याचा बार मित्स्वा होतो. आपल्याकडील मुंजीशी त्याचे नाते वाचकांच्या सहज ध्यानी येईल. पण मुंजीनंतर आपल्या मुलास आळीभर सोबती असतात, आणि त्यास वर्गात आपल्या धर्माचे दुसरे कोणी सापडेलच असे नाही. अशा मुलामुलींस एकत्र आणणारी मंडळे म्हणूनच निघतात. १९२९ साली लंडनमध्ये निघालेल्या 'हबोनिम', म्हणजे 'बांधणारे', या किशोरांच्या चळवळीचे काम पुढे मुंबईतही चालले होते. सणाचा मेळा, गाणी, हिब्रूचा पाठ, एखादी सहल, असे या मंडळांचे कार्यक्रम असतात. वरवर पाहता खेळीमेळीचाच प्रकार! परंतु घरातील वडील माणसे त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतात. पुढे सोयरीक कोठे जुळावयाची, सिनेगॉगात प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष कोठून आणावयाचे, हे प्रश्न त्यांच्या मनात असतात. मोठ्या समाजात एका मेळ्याची बातमी चुकली तर दुसरा मेळा असतो. येथे एका मुलास निरोप पोहोचला नाही तर त्या गावात कोणासच तो पोहोचला नाही, असे होऊ शकते.

मग निरोप धाडावा कसा? या समाजाच्या जुन्या चालीतच त्याचे उत्तर आहे असे आम्हांस वाटते. हिब्रू सर्वांस येत नाही हे ओळखून त्यांनी धर्माच्या गोष्टी मराठीत आणल्या. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा १८४६ साली मुंबईस मराठीसह छापली गेली. १८७४ च्या पुण्याच्या हग्गादेत तर बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या चितारल्या आहेत. सणांची नावेही अशीच घरगुती: खिरीचा सण, दारफाळणीचा सण, आणि वालाच्या बिरड्यावरून बिरड्यांचा रोजा. आमंत्रणावर 'योम किप्पूर' असे लिहिले तर ते शिकलेल्या नातवास कळते. 'दारफाळणी' असे लिहिले तर आजीसही कळते, आणि नातवास पाठवावयाचे की नाही हे पुष्कळदा आजीच ठरविते.

सर्वांत मोठी युक्ति कीर्तनाची. १८८० साली मुंबईतील बेने इस्राएलांनी कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापिले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातील प्रमुख. योसेफ, मोशे यांची चरित्रे साकी, दिंडी, ओव्या यांत गुंफून आपल्या हरिदासांच्याच पद्धतीने ते सांगत. लोकांस ज्या गोष्टीसाठी एकत्र बसण्याची सवय होती, तीच त्यांनी उचलली. निराळी दवंडी पिटण्याचे कारणच उरले नाही. आजच्या मंडळाने टाळ-मृदंगच घ्यावा असे आमचे म्हणणे नाही, मोबाइलवर निरोप क्षणात जातो. पण त्या निरोपाखाली चाळीस नावे असली तरी अलिबागेकडच्या एका घरात दूरध्वनी करून त्या मुलीच्या आईशी कोणी बोलले नाही, तर ती मुलगी येत नाही.

कारण आईचे प्रश्न अगदी व्यवहारी असतात. शब्बाथ शनिवारी चांदण्या दिसल्यावर संपतो. त्यानंतर मेळा सुरू झाला तर परत कसे यावयाचे? पावसाळ्यात मांडव्याच्या साध्या लाँची बंद राहतात. रात्री उतरावयाचे कोणाकडे? जेवण कोशेर आहे ना, मटणाच्या रश्शात नारळाचे दूध आहे, दही तर घातले नाही? हे सर्व आमंत्रणातच लिहिलेले असावे. तिथीही दोन्ही पंचांगांची द्यावी, कारण हिब्रू महिने चांद्र असल्याने सण दरवर्षी इंग्रजी तारखेस सरकतात.

येथे एक अवघड गोष्ट आड येते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर जो हल्ला झाला, त्यात कुलाब्याच्या नरिमन हाऊसमधील ज्यू केंद्रात रब्बी गॅव्रिएल होल्त्झबर्ग व त्यांच्या पत्नी रिव्का यांसह सहा जणांचा बळी गेला. त्यानंतर सिनेगॉगांच्या दारी पोलिसांचा पहारा आला. ज्या समाजाने शतकानुशतके येथे कोणाचे भय बाळगिले नाही, त्यास आता मुलांच्या गाण्याच्या कार्यक्रमाची जागा व वेळ चारचौघांत जाहीर करताना विचार करावा लागतो. भिंतीवर जाहिरात लावली तर धोका, न लावली तर मुले येत नाहीत. आम्ही त्यांच्या जागी असतो तर कार्यक्रमाचे वर्णन सर्वांस मोकळेपणाने कळू दिले असते, पत्ता व घटका मात्र घरोघर कळविली असती. पूर्वी सिनेगॉगाचा शम्माश, म्हणजे सेवेकरी, असेच निरोप पोहोचवीत असे. आज तेच काम सोळा-सतरा वर्षांच्या दोघा-तिघांनी वाटून घ्यावे: एकाने ठाण्याची घरे, एकीने मुंबईची, आणि ज्यास समुद्र लागत नाही त्याने एकदा अलिबागेची फेरी करावी.