मडगार्डची कड मुडपताना

मडगार्डच्या पत्र्याची कड आतल्या बाजूला वळवलेली असते. रुंद टायर बसवल्यावर खड्ड्यात गाडी दबली की टायर तिथेच घासतो आणि कापला जाऊ शकतो.

• हे टाळायला चाक काढून कड मुडपायचा रोलर हबवर बसवतात. रोलरचं चाक कडेवर दाबत, पुढे-मागे फिरवत ती वर मुडपतात.

• आधी हीट गननं रंग गरम करावा. थंड रंग तडकतो.

• दाब थोडा थोडाच वाढवावा. घाई केल्यास बाहेरचा पत्रा लाटांसारखा वाकतो.

• मागच्या मडगार्डच्या कडेत बहुधा दोन पत्रे स्पॉट वेल्डिंगनं जोडलेले असतात. तिथलं सीलंट फुटलं तर पुन्हा भरावं.

• उघड्या पत्र्यावर प्रायमर हवाच. नाहीतर गंज चढतो.

• शेवटी स्टिअरिंग पूर्ण वळवून, गाडीत वजन ठेवून तपासावं.