प्रकाशाने मोजलेले हृदय

विद्युतप्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असते, हे ऑर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविले. आपले हृदयही त्यास अपवाद नाही. मात्र त्याचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या जेमतेम दहा लाखाव्या भागाइतके क्षीण असते. ते मोजावे कशासाठी? गर्भातील बाळाच्या त्वचेवर सातव्या महिन्याच्या सुमारास एक मेणचट थर असतो. तो विजेला अडवतो, त्यामुळे बाळाचा ईसीजी नीट मिळत नाही. चुंबकीय क्षेत्र मात्र आरपार येते.

आजवर या कामी वापरलेले अतिवाहक संवेदक उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियमात ठेवावे लागत. हा खर्च मोठ्या संस्थांनाच झेपे. नव्या संवेदकात काचेच्या कुपीत रुबिडियमची वाफ असते. लेसर तिच्यातील अणूंना एका दिशेस वळवतो. क्षेत्र बदलले की अणू ढळतात आणि पार होणारा प्रकाश बदलतो. हेलियम लागतच नाही. मुंबईच्या आयआयटीत हिऱ्यातील सूक्ष्म दोषांवर हिरवा प्रकाश टाकून, उमटणाऱ्या तांबड्या प्रकाशावरून क्षेत्र मोजण्याचे संशोधन चालते.

आमच्या मते खरी अडचण भोवतालात आहे. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे जाणारा उसाचा ट्रकही हृदयाहून मोठी चुंबकीय खळबळ माजवतो. ती रोखणारी कवचखोली महाग पडते. म्हणून दोन संवेदक थोड्या अंतरावर ठेवून, दुरून येणारी सामायिक खळबळ वजा करतात. ही वजाबाकी साध्या वॉर्डात साधली, तरच धडगाव-अक्कलकुव्याच्या गरोदर मातेला या तपासणीसाठी मोठे शहर गाठावे लागणार नाही.