जुन्या मोटारगाडीची घरच्या घरीं निगा

ज्या शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं बैलगाडी उभी असे, त्याच्या दारांत आज पुष्कळदां मोटारगाडी उभी दिसते. आणि ती बहुधा दुसऱ्या कोणीं आठ-दहा वर्षें वापरून विकलेली, अशी जुनी असते. भाजीपाला बाजारांत नेणें, आजारी माणसास अपरात्रीं तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचविणें, मुलांस शिक्षणाच्या गांवीं सोडणें, हीं कामें तिच्यावर अवलंबून असतात. अशी गाडी थोडक्या पैशांत मिळते खरी. परंतु घेतांना वांचविलेले पैसे दोन-तीन वर्षांत दुरुस्तीच्या पायीं निघून गेल्याचीं उदाहरणेंही गांवोगांव आढळतात. याचा दोष लोक गाडीच्या वयास देतात. आमचें मत निराळें आहे. गाडी वयापेक्षां निगेच्या अभावानेंच अधिक लवकर निकामी होते; आणि या निगेचा बराच भाग मालकास स्वतःच्या अंगणांत, मोजक्या साधनांनीं व थोड्या वेळांत करतां येतो. मात्र कोणतें काम घरीं करावें व कोणतें करूं नये, ही मर्यादा नीट ओळखली पाहिजे. कारण त्यांत पैशाइतकाच जिवाचाही प्रश्न आहे.

या लेखांत मुख्यतः मारुति ८०० ही गाडी डोळ्यांपुढें ठेविली आहे. ती डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत विकण्यासाठीं तयार होत होती. म्हणजे त्या जातीच्या सर्वांत अलीकडील गाडीसही आतां दहा वर्षें उलटून गेलीं आहेत. तिचें इंजिन तीन सिलिंडरांचें व ७९६ घन सेंटिमीटरांचें असून रचना सुटसुटीत आहे. पुढें सांगितलेल्या बहुतेक गोष्टी थोड्याफार फरकानें इतर जुन्या गाड्यांसही लागू पडतात. कारखान्यानें दिलेली पुस्तिका हातीं असल्यास तीच प्रमाण मानावी.

घेतांना काय पाहावें.— गाडी पाहावयास जावें तें सकाळीं, इंजिन थंड असतां. विकणारानें तें आधींच तापवून ठेविलें असल्यास कांहीं दोष झांकले जातात. इंजिन सुरू केल्यावर निळसर धूर येत राहिला तर तेल जळत आहे; काळा धूर येत असल्यास पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे; आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर सिलिंडरांत पाणी शिरत असण्याचा संभव आहे. थंडीच्या सकाळीं थोडी वाफ निघते, तिची भीति बाळगूं नये. तेल ओतण्याचें झांकण काढून आंतून पाहावें. तेथें दुधावरील सायीसारखा थर असेल तर तेलांत पाणी मिसळत असावें, म्हणून जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय सौदा करूं नये. कोंकणपट्टींतील गाडीचा तळ वांकून पाहावा, कारण खाऱ्या हवेनें पत्रा आंतून खाल्ला जातो. कागदपत्रांविषयीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांपुरती असते. त्यानंतर तपासणी होऊन दर वेळीं ५ वर्षांकरितां नूतनीकरण करावें लागतें, व आपल्या राज्यांत पर्यावरण करही भरावा लागतो. हा खर्च किंमत ठरवितांना हिशेबांत धरावा.

साधनें व सावधगिरी.— पान्यांचा एक संच, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, प्लगचा पाना, चाकाचा पाना, टायरमधील हवा मोजण्याचें यंत्र, नरसाळें, जुनें पसरट भांडें, जॅक व दोन लोखंडी घोडे इतक्या सामानावर घरचें काम चालतें. यांपैकीं घोड्यांचा खर्च अनेकजण टाळतात व तेथेंच जीव गमावण्याची पाळी येते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही कधीं शिरूं नये. जॅक हा गाडी उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. विटा व दगड भाराखालीं अकस्मात् फुटतात, म्हणून त्यांचा आधार देऊं नये. आपलीं अंगणें मातीचीं असल्यानें जॅक व घोडे यांखालीं जाड फळी घालावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांस पुढें-मागें दगड लावावे, आणि गाडी घोड्यांवर टेंकल्यावर ती हातानें हलवून पाहावी. दुसरी गोष्ट, बंद वखारींत किंवा गोठ्यांत इंजिन चालूं ठेवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं व वास नाहीं. माणूस गुंगी येऊन पडतो व पुन्हां उठत नाहीं.

तेल.— बैलगाडीच्या आंसास वंगण घालण्यास जो विसरत नसे, त्यास तेलाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटांनीं मापनपट्टी काढावी, पुसून पुन्हां घालावी व मग पाहावी. तेल दोन खुणांच्या दरम्यान असलें पाहिजे. कमी तेलानें इंजिन झिजतें हें सर्वांस ठाऊक आहे, परंतु खुणेच्या वर भरलेलें तेलही अपायकारक असतें. जुन्या गाडींत हें मोजमाप दर आठवड्यास करावें. वाटेंत तेलाचा तांबडा दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावें. पुढच्या गांवापर्यंत जाऊं, असा विचार करणें म्हणजे नव्या इंजिनाचा खर्च ओढवून घेणें होय.

तेल बदलण्याची मुदत पुस्तिकेंत दिलेली असते. ती उपलब्ध नसल्यास साधें तेल ५,००० किलोमीटरांस अगर वर्षांतून एकदां, जें आधीं येईल तेव्हां बदलावें. इंजिन कोमट असतां तळाचा बोल्ट काढावा, म्हणजे गाळासह तेल निघून जातें. बोल्टाचें वायसर नवें घालावें. फिल्टरही त्याच वेळीं बदलावा. नव्याच्या रबरी कड्यास थोडें तेल चोळून तो हातानेंच आवळावा, पान्यानें नव्हे. निघालेलें काळें तेल बांधावर, ओढ्यांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये. थोडेंसें तेलही पुष्कळ पाणी नासवितें, आणि तें पाणी आपलींच माणसें व जनावरें पितात. तें डब्यांत सांठवून जुनें तेल घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यावें.

पाणी.— जुन्या इंजिनाचा खरा घात होतो तो तापण्यानें. पुष्कळ मालक रेडिएटरमध्यें कूपनलिकेचें पाणी भरतात. हें पाणी जड असल्यास, चहाच्या भांड्यास आंतून जसा पांढरा थर बसतो तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नळ्या कोंदतात, पाणी फिरत नाहीं, इंजिन तापतें, ॲल्युमिनियमचें वरचें डोकें वांकतें आणि त्याखालील गॅस्केट जळते. चार पैशांचें पाणी वांचविल्यानें हजारों रुपयांचें काम निघतें, तें असें. रेडिएटरमध्यें कूलंटच भरावें. तें घट्ट असल्यास डब्यावर दिलेल्या प्रमाणांत बॅटरींत घालण्याचें शुद्ध पाणी मिसळावें. तयार मिश्रण मिळाल्यास त्यांत कांहीं मिसळूं नये. कूलंटमुळें गंज व थर दोन्ही रोखले जातात. हें द्रव विषारी असून चवीस गोड असतें, म्हणून मुलें व जनावरें यांच्यापासून तें दूर ठेवावें.

रेडिएटरचें झांकण साधें झांकण नसून तें आंतील दाब राखतें, व त्या दाबामुळें पाणी १०० अंश सेंटिग्रेडवर गेलें तरी उकळत नाहीं. तापलेल्या इंजिनाचें झांकण उघडतांच दाब नाहींसा होतो, पाणी एकदम उकळून वर उसळतें आणि उघडणाराचें तोंड व हात भाजून निघतात. म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावांचून झांकणास हात लावूं नये. घाट चढतांना कांटा वर जाऊं लागला तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावें व वाट पाहावी. तापल्या इंजिनावर किंवा इंजिनांत थंड पाणी ओतूं नये. घरीं आल्यावर रबरी नळ्या दाबून पाहाव्या. त्या फार मऊ, फुगलेल्या किंवा चिरलेल्या असल्यास बदलाव्या. विजेचा पंखा इंजिन तापल्यावर आपोआप फिरूं लागतो कीं नाहीं, हेंही दूर उभें राहून पाहावें.

हवा व पेट्रोल.— कच्च्या रस्त्यांवर, विशेषतः ऊसतोडीच्या दिवसांत, धुळीचे लोट उठतात. ती धूळ हवेच्या फिल्टरांत अडकते. तो कोंदला कीं गाडी पेट्रोल अधिक खाते व जोर कमी करते. कागदी फिल्टर दर महिन्यास काढून हलक्या हातानें झाडावा, पाण्यानें किंवा पेट्रोलनें धुवूं नये, व फाटल्यास तत्काळ बदलावा. त्याच वेळीं बॉनेटखालीं उंदरांचा मागमूस पाहावा. धान्याच्या वखारीशेजारीं उभ्या असलेल्या गाडींत उंदीर घर करतात, तारा कुरतडतात आणि पेट्रोलच्या नळीसही दांत लावतात. गाडी वारंवार चालविणें व धान्यापासून दूर उभी करणें हाच यावर साधा उपाय होय.

पेट्रोलसंबंधीं एक नवी गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्या उसापासून व धान्यापासून निघणारें इथेनॉल आतां पेट्रोलमध्यें मिसळतात. सन २०२२ मध्यें हें प्रमाण देशांत १० टक्क्यांवर व सन २०२५ मध्यें २० टक्क्यांवर पोंचलें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें हें इष्ट आहे, तथापि जुन्या गाडीच्या मालकानें दोन गोष्टी समजून घ्याव्या. एक, इथेनॉलमध्यें लिटरमागें उष्णता पेट्रोलपेक्षां सुमारें एक-तृतीयांशानें कमी असते, म्हणून गाडी थोडें कमी अंतर जाते; तो बिघाड नव्हे. दुसरी, जुन्या कार्ब्युरेटरच्या काळांतील रबरी नळ्या व गॅस्केटी या मिश्रणासाठीं बनविलेल्या नव्हत्या. त्या कालांतरानें फुगतात किंवा चिरतात. पेट्रोलचा वास येऊं लागल्यास गाडी चालवूं नये. इथेनॉलास टिकणारी नवी नळी बसवावी. शिवाय इथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेतें, म्हणून पावसाळ्यांत गाडी महिनोन्महिने उभी ठेवूं नये. पेट्रोलचें काम उघड्यावर करावें आणि त्या वेळीं जवळपास विडी किंवा चूल नसावी.

बॅटरी.— सकाळीं गाडी सुरू होत नाहीं, या तक्रारीचें मूळ अनेकदां बॅटरीच्या टोकांवर सांचलेल्या पांढऱ्या-हिरव्या क्षारांत असतें. प्रथम उणें टोक सोडवावें, मग अधिक. जोडतांना याच्या उलट. कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून त्यानें टोकें घासावीं, परंतु तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. कोरडीं करून जोडल्यावर वर पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. झांकणें असलेल्या बॅटरींत पातळी उतरल्यास शुद्ध पाणीच घालावें, नळाचें नव्हे. आंत गंधकाम्ल असतें व वर पेटणारा वायु जमतो, याचें भान ठेवावें.

ब्रेक व टायर.— ब्रेकचें तेल ओलावा शोषतें. असें जुनें तेल घाट उतरतांना तापून उकळतें आणि पायाखालचा ब्रेक अकस्मात् पोकळ होतो. म्हणून तें साधारणतः दर दोन वर्षांनीं जाणकाराकडून बदलून घ्यावें. घरीं त्याची पातळी मात्र दर आठवड्यास पाहावी, आणि त्या भांड्यांत इंजिनाचें तेल चुकूनही घालूं नये. त्यानें आंतील रबर फुगून ब्रेक निकामी होतात. पातळी उतरत असेल किंवा पेडल खालीं जात असेल, तर गाडी जागची हलवूं नये. टायरवर चार आंकडे ठोकलेले असतात. उदाहरणार्थ २३१९ म्हणजे सन २०१९ चा तेविसावा आठवडा. खांचा खोल दिसल्या तरी बाजूस चिरा पडलेला जुना टायर विश्वासास पात्र नाहीं. खांच १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्यावर टायर बदललाच पाहिजे. हवा टायर थंड असतांना मोजावी, व जादा चाकही तपासावें.

घरीं न करण्याचीं कामें.— ब्रेकची तेलवाहिनी उघडणें, स्टिअरिंग, गॅसवर चालणाऱ्या गाडीची टांकी व नळ्या, आणि इंजिनाचा दातेरी पट्टा हीं कामें कुशल मिस्त्रीकडेच द्यावीं. हा पट्टा ठराविक मुदतीनें बदलावा लागतो. तो तुटला कीं गाडी असेल तेथेंच बंद पडते. मागील मालकानें तो केव्हां बदलला हें ठाऊक नसल्यास गाडी घेतल्याबरोबर नवा बसवून घ्यावा.

नोंदवही.— पिकाचा जमाखर्च जसा आपण ठेवितों तसाच गाडीचाही ठेवावा. तारीख, किलोमीटर, काय बदललें, खर्च किती आणि भरलेलें पेट्रोल इतक्या रकान्यांची एक वही पुरे. पेट्रोल वाढूं लागलें, तेल वारंवार घालावें लागलें किंवा कूलंट उतरूं लागलें, हें वहींत प्रथम दिसतें. मिस्त्रीस ती दाखविल्यास दोष शोधण्यांत त्याचा वेळ व आपला पैसा दोन्ही वांचतात. वर्षाचा दुरुस्तीखर्च गाडीच्या बाजारभावाजवळ जाऊं लागला, अथवा तळाचा पत्रा गंजून गेला, तर ती विकावी किंवा मोडींत द्यावी, हाही निर्णय वहीच्या आधारें करतां येतो.

आठवड्यांतून अर्धा तास तेल, कूलंट, ब्रेकचें तेल व टायर यांस. महिन्यांतून एकदां हवेचा फिल्टर, बॅटरी, नळ्या व पट्टे यांस. आणि पावसाळ्यापूर्वीं एकदां सर्व गाडीस, ब्रेक, दिवे व कांच पुसणाऱ्या रबरासकट, इतका वेळ प्रत्येक मालकानें द्यावा. घरांतील तरुण मुलामुलींस या कामीं बरोबर घ्यावें, म्हणजे मालक परगांवीं असतां रात्रीं आजाऱ्यास घेऊन निघण्याची वेळ आली तरी गाडी चालू स्थितींत असेल व ती समजणारें माणूसही घरांत असेल.